‘कळलं’ आणि ‘आलं’ यांच्यामध्ये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववीत आहे. अभ्यास बहुतेक मोबाइलवर चालतो. व्हिडिओ बघते, वर्गाच्या ग्रुपवर अडलेलं विचारते, हल्ली एआयलाही विचारते. विचारलं की म्हणते, ‘सगळं कळलंय.’ पेपर हातात आला की गुण वेगळंच सांगतात. तर या ऑनलाइन शिकण्यानं नेमकं काय होतंय, आणि मोबाइल काढून घ्यावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. काढून घेऊ नका. मुलगी चिडेल, तुम्ही दमाल आणि पंधरा दिवसांत मोबाइल पुन्हा तिच्या हातात असेल. मधल्या काळात गणित काही आपोआप आलेलं नसेल. बाकीच्या प्रश्नासाठी मात्र जरा निवांत बसावं लागेल. मी बावीस वर्षं गणित शिकवतोय, त्यातली नऊ वर्षं कॅमेऱ्यासमोरही. ज्या व्हिडिओंबद्दल तुमच्या मनात शंका आहे त्यांतला एखादा माझाच निघायचा. तेव्हा यात थोडा कबुलीजबाबही आहे असं समजा.

मराठीत आपली एक सोय आहे. गणित ‘कळतं’ आणि गणित ‘येतं’ अशी दोन क्रियापदं आपण रोज वापरतो आणि वापरताना कधी घोळ घालत नाही. पोहणं कसं असतं ते काठावर उभं राहूनही कळतं. पोहता येण्यासाठी नाकात पाणी जावं लागतं. तुमची मुलगी ‘कळलं’ म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते, हे आधी मान्य करा. पेपर तिला ‘येतं का’ विचारतो. ऑनलाइन जगानं कळणं इतकं सोपं, इतकं देखणं करून ठेवलंय की त्याच्या पुढे अजून बरीच वाट उरलीय, हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

मागच्या वर्षी तिच्याच वयाची एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसून व्हिडिओ बघत होती. प्रश्न जुनाच, नळ-टाकीचा. एका नळानं रिकामी टाकी ६ तासांत भरते, तळाच्या गळतीनं भरलेली टाकी ९ तासांत रिकामी होते, दोन्ही एकदम चालू असतील तर टाकी भरायला किती वेळ? व्हिडिओतले सर छान समजावत होते. तासाला टाकीचा १/६ भाग भरतो, १/९ भाग वाहून जातो, वजाबाकी केली की १/१८ उरतो, म्हणजे १८ तास. ती मान डोलावत होती. पेन्सिल टेबलावर आडवी पडलेली. व्हिडिओ संपला. ‘कळलं?’ ‘कळलं सर.’ मी लॅपटॉप मिटला आणि तोच प्रश्न, आकडेही न बदलता, कोऱ्या कागदावर सोडवायला दिला.

पहिली दोन मिनिटं प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्यात गेली. मग वजाबाकी आठवली. काहीतरी वजा करायचं होतं एवढं पक्कं, कशातून काय ते मात्र हाताला लागेना. शेवटी तिनं लिहिलं, ९ − ६ = ३ तास, आणि खाली दोन रेघा मारल्या.

मी विचारलं, ‘गळती नसतीच, तर टाकी किती वेळात भरली असती?’

‘सहा तासांत.’

‘आणि गळती असताना तीन तासांत?’

ती कागदाकडे बघत राहिली, मग मिटलेल्या लॅपटॉपकडे बघितलं आणि हसायला लागली.

व्हिडिओत खोट नव्हती आणि मुलगीही हुशार आहे. पण त्या गणितातलं सगळ्यात अवघड काम एकच होतं: तासांची वजाबाकी करायची नाही, तासाभरात होणाऱ्या कामाची करायची, हे ठरवणं. ते सरांनी तिच्या वतीनं ठरवून टाकलं, आणि इतक्या सहज ठरवलं की तिथे ठरवण्यासारखं काही होतं हेच तिला दिसलं नाही. पुढची अपूर्णांकांची वजाबाकी तर तिला पाचवी-सहावीपासून येत होती. म्हणजे तिनं सात मिनिटं जे बघितलं त्यातलं निम्मं तिला आधीच येत होतं आणि उरलेलं तिनं केलंच नाही.

या भ्रमाची कुणीतरी पद्धतशीर मोजदादही केली आहे. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्डस आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. टेबलावरची भांडी न हलवता खालचं कापड ओढून काढणं, मूनवॉक, डार्ट फेकणं असल्या करामतींचे व्हिडिओ लोकांना दाखवले. काहींना एकदा, काहींना वीस-वीस वेळा. जास्त वेळा पाहणाऱ्यांना ‘आता मला जमेल’ असं जास्त वाटू लागलं. जिथे प्रत्यक्ष करायला दिलं तिथे त्यांचं जमणं मात्र वाढलेलं नव्हतं. यातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला भाग वेगळाच आहे. जगलिंगचा (वस्तू हवेत उडवून झेलत राहण्याचा) व्हिडिओ दाखवून झाल्यावर काहींच्या हातात त्यातले दांडके नुसते थोडा वेळ धरायला दिले, आणि फुगलेली खात्री खाली आली. वजन हाताला लागलं की डोळ्यांची बढाई कमी होते. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत ते वजन म्हणजे टेबलावर आडवी पडलेली पेन्सिल.

आता कबुलीजबाब. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी स्वच्छ, न अडखळणारे, एकही चूक नसलेले व्हिडिओ करायचो. एखादी पायरी बोलताना जीभ अडखळली तरी तेवढं पुन्हा रेकॉर्ड करायचो. खाली प्रतिक्रिया यायच्या: ‘सर, आज पहिल्यांदा कळलं.’ त्या वाचून मला बरं वाटायचं, अजूनही वाटतं. नंतर डेरेक म्युलर यांच्या कामाबद्दल वाचलं. विज्ञानाचे व्हिडिओ करणारा आज जगभर ओळखला जाणारा हा माणूस. त्यानं २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात याच विषयावर पीएचडी केली. भौतिकशास्त्राचे सुटसुटीत, स्पष्ट व्हिडिओ विद्यार्थ्यांना दाखवले तर त्यांना ते आवडले, सोपे वाटले, आणि चाचणीतले गुण जवळजवळ जागेवरच राहिले. दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत आधी एक पात्र तीच चूक बोलून दाखवतं जी विद्यार्थ्यांच्या मनात असते (वर फेकलेल्या चेंडूवर हाताचा जोर वाटेतही काम करत असतो, ही त्यातली नेहमीची), आणि मग ती उलगडत जाते. हे व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळाचे वाटले, पण गुण ठळकपणे वाढले. कारण उघड आहे. स्पष्ट व्हिडिओ बघताना माणूस आपल्या डोक्यातलंच चुकीचं मत ऐकतो आणि ‘हो, हे मला माहीतच होतं’ म्हणतो.

मी लगेच नळ-टाकीचा व्हिडिओ नव्यानं केला. सुरुवातच ‘९ − ६ = ३, झालं!’ अशी केली आणि मग स्वतःलाच पकडलं. पहिल्याच दिवशी प्रतिक्रिया आली: ‘सर, आज नेहमीसारखं क्लिअर नव्हतं.’ दुसरीत तर कुणीतरी माझी चूक मोठ्या उत्साहानं दुरुस्त केली होती. उरलेला व्हिडिओ बघायला तो थांबलाच नव्हता. माझ्या स्वच्छ व्हिडिओंच्या मानानं हा फारसा बघितलाही गेला नाही.

ऑनलाइन संस्कृती शिक्षणाला कुठे वळवते ते इथे दिसतं. लाइक मिळतो तो कळल्याच्या क्षणाला. येण्याचा क्षण दोन दिवसांनी, कागदावर, एकट्यात येतो. तेव्हा लाइकचं बटण जवळपास नसतं. त्यामुळे शिकवणारे हळूहळू कळण्याचा आनंद विकायला लागतात. ‘दहा मिनिटांत संपूर्ण धडा’, ‘या ट्रिकनं पाच सेकंदांत उत्तर’ ही शीर्षकं कुणाच्या दुष्टपणातून आलेली नाहीत. पुढे कुठला व्हिडिओ दाखवायचा ते ठरवणाऱ्या शिफारशींच्या यंत्रणेला काय टिकतं ते कळतं, शिकवणाऱ्याला यंत्रणेला काय आवडतं ते कळतं, आणि विद्यार्थी त्या दोघांच्या मध्ये बसून मान डोलावतो. मीही एक ‘पाच सेकंदांत’ केलाय. तो माझा सर्वांत जास्त बघितलेला व्हिडिओ आहे. काढून टाकावा असं दर वर्षी ठरवतो.

व्हिडिओ किती वेळ बघितला गेला याचा एक आलेख आम्हाला मागच्या बाजूला दिसतो. बहुतेक व्हिडिओंत रेघ पहिल्या मिनिटात घसरते, मग सपाट होते, आणि एका जागी अचानक टेकडी येते. सुरुवातीला मला वाटायचं की तिथे काहीतरी अवघड असणार, मुलं मागे जाऊन पुन्हा ऐकत असणार. मग वर्गातल्या मुलांना विचारलं. टेकडी फळा पूर्ण भरल्याच्या क्षणी असते. तिथे थांबून स्क्रीनशॉट घेतात. ‘मग त्या स्क्रीनशॉटचं काय करता?’ सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकानं फोन काढून दाखवला: शेकडो फळे, एकही पुन्हा उघडलेला नाही. झेरॉक्स काढली की अभ्यास झाल्यासारखं आमच्या पिढीलाही वाटायचंच, तेव्हा यात नवं काही नाही. फक्त आता झेरॉक्सला रांग नाही.

बघणं आणि आठवणं यांत फरक किती, याचा एक आकडा मी प्रत्येक पालकसभेत सांगतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटानं तेच पुन्हा वाचलं. दुसऱ्यानं एकदा वाचून मग आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं तीच चाचणी घेतली तर चित्र उलटं: पुन्हा वाचणारे ४२ वर आणि आठवून लिहिणारे ५६ वर. आता व्हिडिओ दोनदा बघणाऱ्या मुलीचा विचार करा. बघून उठल्यावर पाच मिनिटांनी तिला जे वाटतं ते खरंच असतं. पेपर आठवड्यानं असतो, एवढाच घोळ.

वेगाबद्दल मात्र मी माझं मत बदललंय, तेही सांगून टाकतो. मुलं दीडपट, दुप्पट वेगानं व्हिडिओ बघतात याचा मला फार राग यायचा. पण लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२१ मध्ये हे तपासलं गेलं तेव्हा दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारसा फरक पडला नाही. त्याच्या पुढे घसरण झाली. म्हणजे माझा राग बहुधा माझ्या विरामांचा अपमान होतो म्हणून होता. दुप्पट वेगानं बघून वाचलेला वेळ कागदावर गेला तर उत्तमच. तो पुढच्या व्हिडिओत गेला तर कशाचा काही उपयोग नाही.

ग्रुपबद्दल तुम्ही विचारलंत, आणि मला वाटतं खरी गंमत तिथे आहे. माझ्या एका वर्गाच्या ग्रुपवर संध्याकाळी कुणीतरी लिहायचं, ‘पाचवा पाठवा ना.’ तीन मिनिटांत वहीचा फोटो हजर. वह्या पाठवणारा मुलगा मनाचा मोठा, अक्षर घाईचं. त्याचा ९ पटकन बघितला तर १ वाटतो. दुसऱ्या दिवशी मी वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्या वर्गानं पाचव्या गणितात दुसऱ्या ओळीत ९ च्या जागी १ लिहिलेला, आणि तिसऱ्या ओळीत तो परत ९ झालेला. मधल्या ओळीत आकडा का बदलला आणि पुन्हा जागेवर कसा आला, हा प्रश्न वीसेक जणांपैकी एकालाही पडला नव्हता. नक्कल आमच्या वेळीही व्हायची. पण तेव्हा नक्कल करणाऱ्याला निदान शेजारच्याच्या मानेवरून वाकावं लागायचं, आणि शेजारी कटकट करायचा: ‘अरे, निदान समजून तरी घे.’ त्या कटकटीतून अर्ध्या मुलांना गणित यायचं. फोटो कटकट करत नाही.

याच इंटरनेटवर अगदी उलट रिवाज असलेली ठिकाणंही आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००८ मध्ये सुरू झालं. तिथे ‘हे चालत नाही, मदत करा’ एवढंच लिहिलं तर लोक अंगावर येतात. तुम्ही काय करून बघितलं, काय व्हायला हवं होतं, त्याऐवजी काय झालं, आणि चूक दाखवता येईल असा छोट्यात छोटा कोड, एवढं मांडावं लागतं. पुष्कळ जणांना हे मांडतानाच उत्तर सापडतं आणि प्रश्न पाठवायची वेळच येत नाही. प्रोग्रॅमर मंडळी तर टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला आपला कोड ओळीओळीनं समजावतात. बदक काही बोलत नाही, तरी चूक सापडते. तिथला तुसडेपणा मला आवडत नाही, नवख्यांना त्यानं पळवून लावलंय. पण प्रश्न विचारण्याची किंमत म्हणून आधी थोडी झटापट मागायची, हा रिवाज मला कुठल्याही ॲपपेक्षा मोलाचा वाटतो. दोन्हीकडे फोनच आहे, टायपिंगच आहे. ‘पाचवा पाठवा’ आणि ‘मी इथपर्यंत आलो, पुढे अडलोय’ यांतला फरक माणसांनी ठरवलेला आहे. मी माझ्या ग्रुपवर एकच नियम केला: उत्तराचा फोटो पाठवायचा नाही, अडलेल्या जागेचा पाठवायचा. पहिला महिना ग्रुप ओस पडला होता. मग एकेक फोटो यायला लागले, खाडाखोडीसकट.

लहान मुलांसाठी स्क्रॅच आहे, म्हणजे चित्रं हलवत प्रोग्रॅमिंग शिकायचं संकेतस्थळ, २००७ पासून, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेलं. तिथे दुसऱ्या मुलानं केलेला खेळ खेळता येतोच, शिवाय तो उघडून आत काय आहे तेही बघता येतं, त्यात बदल करून आपला म्हणून मांडता येतो, आणि मूळ कुणाचा ते आपोआप लिहिलेलं राहतं. माझ्या ओळखीतला एक अकरा वर्षांचा मुलगा अक्षांवरचे ऋण आकडे तिथेच शिकला, कारण त्याच्या खेळातली मांजर पडद्याच्या डाव्या बाजूला जायला तयार नव्हती. शाळेत ऋण संख्या शिकवायला मी दोन तास घेतो. मांजरीला वीस मिनिटं लागली.

तेव्हा ऑनलाइन शिकणं सरसकट वाईट असं म्हणणाऱ्यांत मी नाही. वर्गात हात वर करायला लाजणारी मुलगी सरांना बारा वेळा मागे नेते आणि सर एकदाही वैतागत नाहीत, ही काही लहान गोष्ट नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला खाली शब्द दिसतात. आजारपणात महिनाभर शाळा बुडालेला मुलगा आता सगळ्यांच्या मागे राहत नाही. फक्त ‘सगळ्यांना सगळं मिळालं की सगळे शिकतील’ ही आशा फोल ठरली. २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली. लोकांना वाटलं, आता विद्यापीठांची गरज संपली. पुढे एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा मोफत अभ्यासक्रमांचा हिशेब झाला, तर २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास. साहित्य कुणाकडेच कमी नव्हतं. वाट बघणारं कुणी नव्हतं.

वाचनाबद्दल थोडक्यात. ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक एकत्र करून २०१८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचं बंधन असताना, कागदावर जास्त कळतो. गोष्टींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. तेव्हा धडा कागदावर वाचू द्या, कादंबरी हवी तिथे वाचू द्या. गंमत म्हणजे सरावानं हा फरक कमी होत जाईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. ते ५४ अभ्यास अठरा वर्षांतले होते, आणि त्या काळात तो वाढत गेलेला दिसला.

शोधण्याचं कौशल्य हा वेगळाच विषय, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी पंचेचाळीस जणांना काही संकेतस्थळं तपासायला दिली: दहा इतिहासाचे पीएचडीधारक, दहा व्यावसायिक तथ्यशोधक (माहिती खरी की खोटी ते तपासणारे), पंचवीस स्टॅनफर्डचे विद्यार्थी. विद्यार्थी आणि विद्वान बहुतेक करून पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिले, आणि नीटनेटकी मांडणी, भारदस्त नाव, खालची संदर्भांची यादी बघून फसले. तथ्यशोधक काही सेकंदांतच पान सोडून बाहेर पडायचे, दुसऱ्या टॅबमध्ये ‘हे लोक कोण’ ते शोधायचे आणि मग परत यायचे. आपण मुलांना आयुष्यभर सांगतो, समोरचं लक्ष देऊन वाच. इंटरनेटवर आधी ते वाचायच्या लायकीचं आहे का ते बाहेरून विचारून यावं लागतं. स्थळाची चौकशी करायला आपण त्याच घरात जाऊन विचारत नाही, तसंच हे.

आता एआय. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि ग्रुपवरच्या त्या मनाच्या मोठ्या मुलाची जागा एका अशा मित्रानं घेतली ज्याचं अक्षरही सुंदर आहे. इथे मला भीती आणि आशा दोन्ही वाटतात, आणि दोन्हींना आधार देणारा एकच प्रयोग आहे. तुर्कस्तानातल्या एका शाळेत जवळपास एक हजार विद्यार्थ्यांवर तो झाला, विषय गणित. एका गटाला सरावाच्या वेळी साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, दुसऱ्याला तेच, पण उत्तर न देता शिक्षकांनी ठरवलेल्या सूचना देत पुढे नेणारं, आणि तिसऱ्याला फक्त वही-पुस्तक. सरावात पहिल्या गटाची कामगिरी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी चांगली, दुसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. मग साधनं काढून घेतली आणि परीक्षा घेतली. पहिला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसरा जवळपास त्यांच्या बरोबरीनं राहिला. आणि आपण कमी शिकलो असं पहिल्या गटाला वाटलंच नव्हतं.

ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तुमच्या मुलीचं ‘सगळं कळलंय’ तेच आहे.

मग करायचं काय? मी माझ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना जे सांगतो ते सांगतो, त्यात काही चमत्कार नाही. व्हिडिओत प्रश्न वाचून झाला की तिथेच थांबवायचा. पेन्सिल हातात, पाच मिनिटं स्वतः. चुकलं तरी चालेल. चुकीचा का होईना, प्रयत्न करून मग उत्तर बघितलं की ते जास्त टिकतं. मुलांना ही पाच मिनिटं फार जड जातात, कारण अंगठा पडद्याकडे जातच राहतो. म्हणून फोन पालथा ठेवायचा, शक्य असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि दुसऱ्या दिवशी, व्हिडिओ न उघडता, कोऱ्या कागदावर तोच प्रश्न. बस्स. यात दुसऱ्या दिवसाचं महत्त्व सगळ्यात जास्त आणि तेच सगळ्यात आधी गळतं.

एआय वापरायचंच असेल तर सुरुवातीलाच त्याला सांगायचं: ‘उत्तर देऊ नकोस. माझी पायरी बघ, चूक असेल तर कुठे ते सांग, आणि एकच प्रश्न विचार.’ ते ऐकतं. दोन-तीन वेळा विसरतं, मग पुन्हा सांगावं लागतं. मुलगी हे सांगते की नाही, यावर तुमचं लक्ष असू द्या. स्क्रीन टाइमच्या तासांपेक्षा हे बघणं जास्त उपयोगाचं आहे.

आणि तुमच्यासाठी एक. ‘कळलं का?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर नसतं. त्याऐवजी म्हणा, ‘मला समजाव.’ तुम्हाला गणित येत नसेल तर फारच उत्तम. ती अडखळेल, तुम्ही ‘पण वजाच का करायचं?’ असं भाबडेपणानं विचाराल, ती चिडेल आणि कागद ओढून घेईल. तिथे तुमचं काम झालं. रबरी बदकाला एवढंही जमत नाही.

नळ-टाकीवाल्या त्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितलं होतं, फक्त श्रोता बदलून: तुझ्या धाकट्या भावंडांना समजेल असा एक व्हिडिओ कर. तिनं फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून केला. आवाज मध्येच पंख्यात जातो, कॅमेरा एकदा घसरतो. सुरुवात तिनं ९ − ६ = ३ पासूनच केलीय, ‘मी असं लिहिलं होतं, तुम्ही पण लिहिणार’ असं म्हणून. दोन मिनिटांचा व्हिडिओ आहे. तो करायला तिला तीन दिवस लागले, कारण दर वेळी बोलताना कुठेतरी तिचं तिलाच पटेना.

तो तिनं वर्गाच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात एका मुलानं खाली विचारलं, ‘पण गळती नळापेक्षा जोरात असली तर उत्तर उणे येईल. उणे तास म्हणजे काय?’

तिनं मला वेगळा निरोप पाठवला: ‘सर, तुम्ही ग्रुपवर उत्तर देऊ नका हं. मी बघतेय.’